वायर तुटली तर कोण येणार? मेहकरातल्या घरगुती इंटरनेटचा आढावा

मेहकरला रेल्वे नाही. त्यामुळे रुळांच्या कडेने देशभर पसरलेली रेलटेलची फायबर या शहरापासून लांबच राहिली. इथे इंटरनेट येतं ते चिखली, खामगाव, जालना, वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेने, कुठे पुरलेल्या आणि कुठे खांबांवरून ओढलेल्या केबलमधून. रस्ता रुंद करायला जेसीबी लागला, नळयोजनेची चारी खणली, वादळात खांब आडवा झाला की गावाचं नेट बसतं. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला, मेहकरला इंटरचेंज मिळाला, नागपूर आणि मुंबई दोन्ही जवळ आली. पण महामार्गालगत कितीही दमदार केबल टाकली, तरी ती आपल्या गल्लीतल्या खांबापर्यंत आणणारा माणूस वेगळाच असतो.

हा माणूसच या लेखाचा खरा विषय आहे. मेहकरात काय किंवा जानेफळ-डोणगावात काय, नवी जोडणी घ्यायला गेलेला ग्राहक पहिला प्रश्न विचारतो, “किती एमबीपीएसचं आहे भाऊ?” दुसरा प्रश्न, “ओटीटी कोणकोणते फुकट?” हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. आधी विचारायला हवं ते हे की वायर तुटली तर कोण येणार आणि किती वेळात येणार. पुण्या-मुंबईत एका इमारतीत चार कंपन्यांचे डबे लागलेले असतात, एक नाही चालली तर दुसरी घेता येते. तालुक्याच्या गावी गल्लीत एक, फार तर दोन पर्याय असतात, आणि निवड चुकली तर वर्ष जातं.

मागचं थोडं सांगायला हवं, कारण आजच्या अडचणींची मुळं तिथे आहेत. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केलं, ते महानगरांसाठी. तालुक्यांपर्यंत ब्रॉडबँड म्हणावं असं काही पोचलं ते जानेवारी २००५ मध्ये सुरू झालेल्या बीएसएनएलच्या डेटावनमुळे. तेव्हाच्या सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस. आज व्हॉट्सअॅपवरचा एक व्हिडिओ उघडायला तेवढ्यात चहा करून पिऊन होईल. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ केबीपीएस झाली आणि जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस आहे. डेटावन तांब्याच्या टेलिफोन तारेवर चालायचं. ०७२६८ हा कोड लावून ज्या घरांत फोन खणखणायचा, त्याच घरांत ते येऊ शकायचं. एक्स्चेंजपासून घर जितकं लांब तितका वेग कमी, आणि चार-पाच किलोमीटरच्या पुढे तर जवळपास नाहीच. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की फोनला खरखर आणि मोडेमचा दिवा बंद.

पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती: लाईनमन. तो गावातलाच असायचा, कोणत्या खांबावर कोणाची जोडी आहे हे त्याला पाठ असायचं. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडले. त्यानंतर दोनच महिन्यांत टाळेबंदी लागली, शाळा फोनवर भरू लागल्या, पुण्याला नोकरी करणारी मुलं लॅपटॉप घेऊन घरी आली. घरात पक्कं नेट लागतं हे गावोगावी ज्या वेळी पटलं, त्याच वेळी सरकारी कंपनीकडची दुरुस्ती करणारी माणसं सर्वांत कमी होती. दरम्यान, ५ सप्टेंबर २०१६ ला आलेल्या जिओने मोबाइल डेटा इतका स्वस्त केला होता की अनेक घरांनी लँडलाइनची पायरी कधी चढलीच नाही. ती घरं सरळ मोबाइलवरून फायबरवर आली.

आज तालुक्याच्या ठिकाणी घरी इंटरनेट आणण्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत, तारेचा आणि हवेचा. तारेचा मार्ग म्हणजे फायबर. ती बीएसएनएलची, जिओची, एअरटेलची किंवा गावातल्या केबलवाल्याची असते, जो कुठल्या तरी परवानाधारक कंपनीचा भागीदार असतो. यांतली कोणती आपल्या गल्लीत आहे हे जाहिरातीवरून कळत नाही, शेजाऱ्याच्या घरात शिरलेली काळी वायर पाहून कळतं.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बीएसएनएलची फायबर घेतली म्हणजे सरकारी माणूस येईल असं जुन्या ग्राहकांना वाटतं. प्रत्यक्षात बीएसएनएलने घरापर्यंतचा शेवटचा टप्पा बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदारांना उत्पन्नाच्या वाट्यावर दिला आहे. म्हणजे नाव सरकारचं, केबल आणि दुरुस्ती खासगी माणसाची. कधी कधी तोच केबलवाला दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या देतो. म्हणून एक्स्चेंजमध्ये जाऊन भांडण्यात अर्थ नसतो. आपल्या भागातला भागीदार कोण, त्याच्याकडे फायबर जोडायचं यंत्र आहे का, की तुटल्यावर ते बुलढाण्याहून किंवा चिखलीहून मागवावं लागतं, हे विचारावं. ज्याच्याकडे स्वतःचं स्प्लायसिंग मशीन आणि दोन पोरं आहेत, त्याच्याकडे वेग थोडा कमी असला तरी जोडणी त्याचीच घ्यावी, असं माझं मत आहे. मोठ्या कंपनीचा टोल-फ्री नंबर चोवीस तास चालू असतो, पण तो नंबर खांबावर चढत नाही.

घरापर्यंतच्या फायबरची रचना समजली की प्रश्न नेमके विचारता येतात. ऑपरेटरच्या कार्यालयात ओएलटी नावाचं यंत्र असतं. तिथून निघालेला काचेचा एक धागा खांबावरच्या छोट्या डबीत ३२ किंवा ६४ घरांमध्ये वाटला जातो. या डबीला स्प्लिटर म्हणतात आणि तिला वीज लागत नाही. आजच्या प्रचलित तंत्रात त्या एका धाग्यातून खाली येणारा एकूण वेग सुमारे अडीच हजार एमबीपीएस असतो. चौसष्ट घरांनी एकदम पूर्ण ताकदीने ओढायचं ठरवलं तरी प्रत्येकाला चाळीसच्या जवळपास मिळेल, आणि तसं कधीच घडत नाही. तेव्हा संध्याकाळी नेट रेंगाळतं त्याचा दोष बहुधा गल्लीतल्या धाग्याचा नसतो. ऑपरेटरने गावाबाहेरून विकत घेतलेली क्षमता कमी पडते. तीनशे ग्राहक झाले, वरची लाईन जुनीच राहिली, की रात्री आठ ते अकरा सगळ्यांचीच चक्री फिरते. याची परीक्षा सोपी आहे: ज्या शेजाऱ्याकडे ती जोडणी आहे त्याच्याकडे रात्री नऊला जाऊन बसा आणि मोबाइलवर वेग मोजा. वेग मोजताना सर्व्हर आपोआप निवडू देऊ नका, मुंबई किंवा नागपूरचा निवडा. जवळच्या सर्व्हरवर आकडा नेहमीच गोड येतो.

काही जुने केबलवाले अजूनही खांबावर साधी लॅन केबल आणि विजेवर चालणारे स्विच वापरतात. अशा जोडणीत रस्त्यावरच्या प्रत्येक डब्याला लाईट लागते. गल्लीची लाईट गेली की तुमच्याकडे इन्व्हर्टर असूनही नेट बंद. शिवाय तांब्याची तार आकाशात असली की मृगाच्या आधीच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांनी राउटरची पोर्टं जळतात. “तुमच्या खांबावरच्या डब्याला लाईट लागते का?” एवढाच प्रश्न विचारा. उत्तर “हो” आलं तर दुसरा माणूस शोधा.

हवेचा मार्ग म्हणजे एअरफायबर. एअरटेलने तो ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली-मुंबईत आणि जिओने त्याच वर्षी १९ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, आठ महानगरांत सुरू केला. नंतर तो लहान शहरांत उतरला. नावात फायबर असली तरी घरापर्यंत धागा येत नाही. गच्चीवर एक चौकोनी यंत्र लावतात, ते टॉवरवरून फाइव्ह-जी सिग्नल घेतं आणि खाली राउटरला देतं. तार ओढायची नाही, खांब नाही, जेसीबीची भीती नाही. जिथे फायबर पोचलीच नाही अशा नव्या लेआउटसाठी, शेतातल्या घरासाठी हा पर्याय चांगला आहे.

मेहकरच्या कंचनीच्या महालाची दंतकथा गावात सगळ्यांना ठाऊक आहे: वीसेक किलोमीटरवरच्या लोणारच्या देवळातला दिवा दिसावा एवढा उंच तो बांधायचा होता म्हणतात. एअरफायबरचं गणित तसंच आहे, टॉवर ‘दिसला’ पाहिजे. मध्ये पाण्याची टाकी, तीन मजली इमारत किंवा गच्च कडुनिंब असेल तर आकडा घसरतो. पावसाच्या धारेने या लहरींना फारसा फरक पडत नाही, पण श्रावणात पालवी ओली आणि दाट होते तेव्हा पडतो. उन्हाळ्यात बसवलेली जोडणी पावसाळ्यात मंदावली अशी तक्रार ऐकू आली तर आधी झाडाकडे बघावं. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या जाळ्याचे नकाशे संकेतस्थळावर दाखवावे लागतात. घर कुठल्या रंगात येतं ते तिथे बघा आणि मगच बुकिंग करा.

हवेच्या मार्गाचे तोटे दोन. एक, टॉवरची क्षमता मोबाइलवाल्यांबरोबर वाटली जाते. बालाजीच्या यात्रेत, सणावाराला, क्रिकेटच्या सामन्याला गर्दी वाढली की घरचं नेटही हलतं. दोन, डेटाची मर्यादा. फायबरच्या प्लॅनमध्ये ‘अमर्याद’ म्हणजे साधारण महिन्याला ३३०० जीबी आणि एअरफायबरमध्ये १००० जीबी असं छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं. अटी बदलत राहतात, त्या त्या वेळी वाचून घ्याव्या. हजार जीबी घरगुती वापराला भरपूर आहेत. चांगल्या प्रतीचा चित्रपट तासाला सव्वादोन-तीन जीबी घेतो, म्हणजे टीव्ही दिवसाला दहा तास चालला तरी पुरतो. पण दुकानाचा किंवा गोदामाचा सीसीटीव्ही कॅमेरा दिवसरात्र क्लाउडवर चित्रण पाठवत असेल, तर २ एमबीपीएसने तो एकटा महिन्याला साडेसहाशे जीबी खातो. दोन कॅमेरे लावले की मर्यादा संपली, आणि एअरफायबरमध्ये वर पाठवण्याचा वेग मुळातच कमी असतो. सेतू केंद्र चालवणारे, फोटो स्टुडिओवाले, घरून काम करणारे, ज्यांना फाइली वर पाठवायच्या असतात, त्यांनी मिळत असेल तर फायबरच घ्यावी. फायबरमध्ये बहुतेक ठिकाणी जाण्या-येण्याचा वेग सारखा मिळतो.

उपग्रहाच्या इंटरनेटबद्दल लोक फार विचारतात, म्हणून थोडक्यात. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये केंद्राचा परवाना मिळाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांच्याशी इरादापत्रावर सह्या केल्या. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि शेजारचा वाशीम जिल्हा आहे. हे दुर्गम भागातल्या सरकारी संस्था आणि वस्त्यांसाठी आहे. गल्लीत फायबर असलेल्या मेहकरच्या घराने त्याची वाट पाहू नये. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेटचं तसंच. २०११ मध्ये दुसऱ्या नावाने मंजूर झालेल्या या योजनेला ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित आराखडा मिळाला, आणि गावातल्या उद्योजकामार्फत घरोघरी जोडण्या देण्याची सोय त्यात आहे. तुमच्या गावात असा माणूस असेल तर त्यालाही वरचेच प्रश्न विचारा.

आता वेग. चार माणसांचं घर धरू. टीव्हीवर चांगल्या प्रतीचं चित्र: ५ एमबीपीएस. दोन फोनवर व्हिडिओ: प्रत्येकी तीन. एकाचा ऑनलाइन क्लास किंवा मीटिंग: तीन-चार. सगळं एकदम चाललं तरी बेरीज पंधराच्या आसपास. फोर-के टीव्ही असेल तर त्यात आणखी दहा मिळवा. तीस ते पन्नास एमबीपीएसचा प्लॅन बहुतेक घरांना पुरतो, शंभरात हात सैल राहतो, आणि त्यावरचा प्रत्येक रुपया आकड्याच्या हौसेसाठी जातो. फलकावरच्या किमतीत १८ टक्के जीएसटी नसतो, ३९९चं बिल हातात ४७१चं येतं. सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकदम भरले की सवलत मिळते. ती घ्यावी, पण सहा महिने त्या माणसाची सेवा पाहिल्यानंतर.

पन्नासचा प्लॅन घेतला आणि आतल्या खोलीत पाचच मिळतात, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. इथे ऑपरेटर बहुधा निर्दोष असतो. मेहकरातली बरीच घरं लांबट आहेत: समोर दुकान, मागे बैठक, त्यामागे स्वयंपाकघर, वर एखादी खोली. वायर रस्त्याकडून येते, म्हणून फिटर दुकानाच्या दाराशीच राउटर ठोकून मोकळा होतो. मध्ये जुन्या भागात दगड-मातीच्या दोन हात जाड भिंती, नव्या भागात सळईने भरलेला स्लॅब. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, वरचे टिनपत्रे, हे सगळं वायफायच्या लहरी खातं. पैसे न वाढवता करता येण्यासारखा उपाय एकच आहे, राउटर घराच्या मध्यावर आणणे. फिटर आला असतानाच त्याला दहा-पंधरा मीटर वायर जास्त टाकायला सांगा. त्याला ते जिवावर येतं, पण हाच क्षण असतो, नंतर तो येत नाही. फायबर भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात मोडू देऊ नका. बांगडीएवढा वळसा ठेवला तर काच तुटत नाही आणि प्रकाश गळत नाही. राउटर डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर असावा. टीव्हीमागे, देवघराच्या कप्प्यात किंवा फ्रिजवर ठेवलेला राउटर शोभेलाही पुरत नाही.

त्यानंतर राउटरच्या जातीकडे बघा. फुकट मिळणारं यंत्र कित्येकदा फक्त २.४ गिगाहर्ट्झचं असतं. हा पट्टा भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांनी भरलेला असतो, आणि त्यातून प्रत्यक्षात तीस-पन्नासच्या पुढे क्वचितच मिळतं. डब्यावर ‘३००’ छापलेलं असलं तरीही. शंभरचा प्लॅन घ्यायचा तर दोन पट्ट्यांचा, म्हणजे ५ गिगाहर्ट्झही देणारा राउटर मागा आणि त्याच्या मागच्या पोर्टवर ‘गिगाबिट’ लिहिलंय का ते बघा. नसेल तर पोर्टच शंभरावर अडतं. २.४चा चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा ठेवा. टीव्ही आणि लॅपटॉप एका जागी बसलेले असतात, त्यांना हवेतून देण्याऐवजी लॅन केबलने द्या. हवा फोनसाठी मोकळी होते.

तरीही मागची खोली कोरडी राहिली तर दुकानदार रिपीटर विकतो. स्वस्त रिपीटर ऐकलेलं पुन्हा त्याच हवेत बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. त्यापेक्षा जुना राउटर कपाटातून काढा. त्याला पहिल्या राउटरपासून एक कॅट-६ केबल द्या, त्याचं डीएचसीपी बंद करा, केबल लॅन पोर्टमध्ये लावा, नाव आणि पासवर्ड पहिल्यासारखाच ठेवा, चॅनेल मात्र वेगळा. खर्च फक्त केबलचा, आणि मागच्या खोलीत पूर्ण वेग. मेशचे संच चांगले असतात, पण जाड भिंतींच्या घरात मेशलाही मागून केबल लागतेच. केबल घेताना शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची नाही. दोन घरांमध्ये, अंगणावरून जोडायचं असेल तर विजेच्या भीतीने तिथे तांबं नको, फायबरचाच तुकडा टाका.

शेतातल्या घराचा किंवा विहिरीवरच्या कॅमेऱ्याचा प्रश्न वेगळा. गावातल्या गच्चीवरून शेतातली खोली सरळ दिसत असेल, तर पाच गिगाहर्ट्झच्या दोन छोट्या अँटेना समोरासमोर लावून एक-दोन किलोमीटरवर घरचंच नेट नेता येतं. या पट्ट्याला घरगुती वापरासाठी परवाना लागत नाही. जोडीला काही हजार रुपये लागतात, महिन्याचं वेगळं बिल नाही. सोयाबीनचं पोतं राखायला हा खर्च अनेकांनी आनंदाने केला असता, पण गावात हे बसवून देणारा माणूस मिळत नाही. इथल्या आयटीआयच्या पोरांनी याकडे धंदा म्हणून बघायला हरकत नाही.

विजेबद्दल बोलल्याशिवाय विदर्भातल्या इंटरनेटची चर्चा पुरी होत नाही. फायबरच्या जोडणीत रस्त्यावर वीज लागत नाही, ती लागते ऑपरेटरच्या कार्यालयात आणि तुमच्या घरी. कार्यालयात त्याचा इन्व्हर्टर किंवा जनरेटर आहे का, हे जोडणीपूर्वी डोळ्यांनी पाहून घ्या. घरी राउटर फार तर दहा वॅट खातो. दिवसरात्र चालू ठेवला तरी महिन्याला सात युनिटच्या आसपास, त्यामुळे रात्री बंद करण्याची काटकसर फुकटची आहे. इन्व्हर्टर नसेल तर बारा व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. त्याच्यावर ८८०० एमएएच लिहिलेलं असतं आणि दुकानदार पाच-सहा तास सांगतो. हिशोब केला तर दहा वॅटला अडीच तास येतात. तेवढ्यात लाईट येते, नाहीतर ऑपरेटरची बॅटरीही उतरते. घेण्याआधी राउटरच्या अॅडॅप्टरवरचं व्होल्टेज बघा. बाराच्या जागी नऊचा राउटर असेल तर चुकीच्या पिनने तो जळेल.

उन्हाळा हा दुसरा शत्रू, ज्याचा उल्लेख कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. बहुतेक घरगुती राउटर शून्य ते चाळीस अंशांसाठी बनवलेले असतात, तसं त्यांच्या कागदावर छापलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत चाळीसच्या वर जातं, टिनाखालच्या खोलीत किती होतं ते सांगायला नको. दुपारी दोनला नेट अडकतं आणि संध्याकाळी आपोआप सुरू होतं, तेव्हा कंपनीला शिव्या देण्याआधी राउटरला हात लावून बघा. तो खालच्या, थंड खोलीत आणा.

नेट बंद पडलं की आधी दिवे वाचा. ‘लॉस’चा लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाश घरापर्यंत येत नाही, म्हणजे वायर कुठेतरी तुटली. राउटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, सरळ फोन करा. लाल दिवा नाही, ‘पॉन’ हिरवा स्थिर आहे, तरी नेट नाही, तर दोष वरचा किंवा खात्याचा: रिचार्ज संपला का ते बघा. सगळे दिवे ठीक, वायफाय दिसतं, पण मंद आहे, तर लॅपटॉप केबलने जोडून वेग मोजा. केबलवर पूर्ण मिळतो तर दुखणं घरातलं आहे. दुरुस्तीला आलेल्या पोराकडे प्रकाश मोजायचं छोटं यंत्र असतं. त्यावरचा आकडा उणे पंधरा ते उणे पंचवीसच्या दरम्यान असेल तर ठीक. उणे सत्तावीस-अठ्ठावीसला पोचला तर आज चालू झालेलं नेट पुढच्या पावसात परत जाणार. तो आकडा विचारा आणि लिहून ठेवा. आकडा विचारणाऱ्या ग्राहकाची जोडणी तो नीट करतो.

पासवर्डबद्दल फार लांबण नको. राउटरच्या आतला ‘अॅडमिन’चा मूळ पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस बंद करा, आणि पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क ठेवा. आपली जोडणी वरच्या भाडेकरूला, शेजारच्या दुकानाला वाटून पैसे वाचवण्याची पद्धत सर्रास आहे. त्या जोडणीवरून कोणी फसवणूक केली तर पोलीस तपासात पहिलं नाव तुमचंच येतं. त्याच कारणाने केबलवाल्याकडून जीएसटीचं पक्कं बिल घ्या. बिल नाही, ओळखपत्र मागितलं नाही, तर तो एकाच जोडणीचे तुकडे विकत असण्याची शक्यता आहे.

हक्कांची माहिती कमी असते, म्हणून ती नीट सांगतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या सेवा-गुणवत्ता नियमांप्रमाणे तारेच्या जोडणीतला बिघाड तीन दिवसांहून जास्त रेंगाळला तर ग्राहकाला भाड्यात सूट किंवा मुदतवाढ द्यायची असते. अडचण अशी की आपण तक्रार त्या पोराच्या मोबाइलवर करतो. “भाऊ, लाल लाईट लागला.” “येतो दादा संध्याकाळी.” ही तक्रार कुठेच नोंदली जात नाही, मग तीन दिवस कधीपासून मोजणार? पोराला फोन जरूर करा, पण त्याच वेळी कंपनीच्या क्रमांकावर किंवा अॅपवर तक्रार टाकून डॉकेट नंबर घ्या. दाद नाही मिळाली तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे, मग दूरसंचार विभागाच्या तक्रार पोर्टलवर. एकट्या ग्राहकाची तक्रार ट्राय स्वतः सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो रस्ता मोकळा केला आहे आणि बुलढाण्याला जिल्हा आयोग आहे.

खोदकामाचा उपाय मात्र ग्राहकाच्या हातात नाही. मार्च २०२३ मध्ये केंद्राने खोदण्याआधी केबलमालकाला कळवण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप आणलं. नगरपरिषदेने आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या प्रत्येक ठेकेदाराला ते वापरायची अट घातली तर मेहकरच्या निम्म्या तक्रारी संपतील असं मला वाटतं. तोपर्यंत ज्यांची भाकरी नेटवर आहे त्यांनी घरात फायबर एका कंपनीची आणि फोनमध्ये सिम दुसऱ्या कंपनीचं ठेवावं. दोघांच्या तारा एकाच चारीतून जात असतील तर दोन्ही एकदम जातील, पण असं रोज घडत नाही.

एवढं सगळं ऐकून कोणाची जोडणी घ्यायची असं विचाराल, तर क्रम असा: ज्याचा माणूस मेहकरातच राहतो त्याची फायबर, ती नसेल तर टॉवर दिसत असल्यास एअरफायबर, दोन्ही नसतील तर फोनचा हॉटस्पॉट आणि थोडा धीर. पन्नास एमबीपीएस घ्या, वाचलेल्या पैशांतून राउटरचा यूपीएस आणि वीस मीटर कॅट-६ केबल आणा. आणि पहिले सहा महिने दर महिन्यालाच पैसे भरा.